शेजारी कोण बसलंय?

लॅबमध्ये फिल्म डेव्हलपरमधून बाहेर आली की आम्ही सगळे आधी प्रोटीनची काळी पट्टी शोधायचो. बाई शोधायच्या नाहीत. त्या ओली फिल्म चिमटीत धरून खिडकीशी न्यायच्या, मान थोडी डावीकडे कलवायच्या आणि पट्टी अगदी ठसठशीत आलेली असली तरी चेहऱ्यावर काही न दाखवता विचारायच्या, "बरं. आणि शेजारी कोण बसलंय?"

हा प्रश्न मूळ प्रोटीनबद्दलचा, त्याला आणखी काय चिकटलंय असा. पण तो तिथेच थांबत नसे. सेन्सेईंनी, म्हणजे आमच्या प्रोफेसरांनी, मला मीटिंगमध्ये झापलं म्हणून मी कुरकुरत बसलो होतो, तेव्हाही बाईंनी विचारलं, "शेजारी कोण बसलं होतं?" शेजारी बाहेरून आलेले एक पाहुणे प्रोफेसर होते. "मग तुला नाही बोलले ते. त्यांना ऐकवत होते." हे खरं निघालं. बाईंचं बहुतेक खरंच निघायचं, आणि त्याचा त्यांना स्वतःला काडीचाही उपयोग व्हायचा नाही. अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. त्यांच्याबरोबर काम करणं हा एक प्रकारचा छळ असतो, कारण चिडायचं कोणावर हेच कळत नाही.

मी जपानमध्ये सेंदाईला गेलो तेव्हा तिथल्या मोठ्या भूकंपाला वर्ष झालं होतं. आमच्या विभागाच्या इमारतीला तडे गेले होते आणि लॅब पार्किंगच्या जागेत उभारलेल्या तात्पुरत्या पत्र्याच्या खोल्यांत भरत होती. आत प्रत्येक वस्तू साखळीने भिंतीला बांधलेली. फ्रीझर, कपाटं, सेंट्रिफ्यूज, एवढंच काय, मायक्रोवेव्हसुद्धा. बाईंचे यजमान तिथेच इंजिनियरिंगच्या बाजूला धातूंवर काम करायचे. स्टेशनवर मला घ्यायला तेच आले होते. म्हणून पहिल्याच दिवशी लॅबमध्ये मी मोकळेपणाने म्हणालो, "वहिनी, पिपेटच्या टिप्स कुठे ठेवता?"

"घरी आलास की वहिनी," बाई पिपेटवरून नजर न काढता म्हणाल्या. "इथे वहिनी कोणी नाही."

"मग काय म्हणू? मॅडम?"

"मॅडम बँकेत असतात. बाई म्हण. माझ्या आईला सोलापुरात अख्खी शाळा बाई म्हणायची, तिचं काही बिघडलं नाही. टिप्स डावीकडे, तिसऱ्या खणात."

सेन्सेई पाहुण्यांशी त्यांची ओळख करून देताना म्हणत, "या अमुक-सान यांच्या पत्नी. यांचं इंग्रजी फार चांगलं आहे." दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. त्या दोहोंच्या मध्ये बाईंची बायोकेमिस्ट्रीतली पीएच.डी. कुठेतरी पडून जाई.

त्या नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या. अशा व्हिसावर वेगळी परवानगी काढून आठवड्याला अठ्ठावीस तास काम करता येतं, त्यावर नाही. बाईंचा हुद्दा टेक्निकल असिस्टंट, अर्धवेळ. पण तो अर्धा वेळ त्या घड्याळ लावून पाळायच्या. प्रोटीन वेगळी करणारं जेल अर्ध्यावर आलेलं असताना पर्स उचलायच्या आणि म्हणायच्या, "वीस मिनिटांनी बंद कर. यापुढे थांबले तर मी गुन्हेगार."

त्यांना यातून बाहेर पडायचं होतं. नदीपलीकडच्या एका संशोधन संस्थेत एक जागा निघणार होती, खरीखुरी संशोधकाची. ती मिळाली की व्हिसा बदलला असता, अठ्ठावीस तासांची कटकट संपली असती. अट एकच अडत होती. गेल्या पाच वर्षांत निदान एक पेपर हवा. बाईंचे दोन चांगले पेपर होते, पण दुसरा येऊन सात वर्षं झाली होती. मधली वर्षं लग्न, बदली आणि आमच्या टिप्सचे डबे भरण्यात गेली.

"पहिलं नाव नको," त्या म्हणायच्या. "मधलं कुठलंही चालेल. गर्दीतलं. पण हवं."

आता सेन्सेईंविषयी सांगायला हवं. ते एका प्रोटीनवर वीस वर्षं काम करत होते. हे प्रोटीन पेशीला विभाजनापासून रोखून धरतं. त्याचं काम झालं की पेशी त्याचा नाश करते आणि पुढे सरकते. सेन्सेईंनी तरुणपणी शोधलं की या प्रोटीनवर एका ठरावीक जागी फॉस्फेटचा एक लहानसा तुकडा येऊन बसला की प्रोटीन नष्ट होतं. शोध खरा होता, चांगला होता. पण पुढे त्याचा दरबार झाला. प्रत्येक व्याख्यानात सोनेरी रंगाच्या विजेच्या बटणाचं चित्र यायचं. एक बटण, एक फॉस्फेट, एक निर्णय. लॅबच्या फ्रिजवर त्यांच्या तरुणपणीच्या अक्षरातलं एक कार्ड लॅमिनेट करून चिकटवलेलं होतं. पेशी फोडण्याच्या द्रावणाची कृती. ते कार्ड साफ करतानासुद्धा विद्यार्थी किंचित वाकत असत.

माझं दुखणं दुसऱ्या वर्षी सुरू झालं. मी पेशींना उपाशी ठेवलं की फॉस्फेट व्यवस्थित बसायचं आणि प्रोटीन मात्र जागचं हलायचं नाही. बटण दाबलेलं, दिवा लागलेलाच नाही. तीन महिने मी तोच प्रयोग पुन्हा पुन्हा केला. सेन्सेई फिल्म पाहायचे आणि एकच शब्द बोलायचे, "टेक्निक." म्हणजे चूक तुझ्या हातात आहे. आणखी तीन महिने गेले. माझं कंत्राट एकेक वर्षाचं, मार्च ते मार्च. माझी झोप उडाली होती.

बाई हे सगळं पाहत होत्या. मला राग याचा आला की त्यांना उत्तर आधीपासून माहीत होतं.

एका मंगळवारी त्या कामावर आल्या त्याच तणतणत. त्यांच्या गल्लीत कचरा ठेवण्याच्या जागेवर देखरेखीची पाळी त्या आठवड्यात त्यांची होती. कोणीतरी प्लास्टिकच्या पिशवीत काचेची बाटली घातली होती. गाडीवाल्याने पिशवीवर लाल स्टिकर लावला आणि ती तशीच टाकून निघून गेला.

"आता ती पिशवी मी उचलायची," बाई म्हणाल्या आणि एकदम थांबल्या. "अरे, हेच तर तुझं प्रोटीन आहे."

"म्हणजे काय?"

"फॉस्फेट म्हणजे पिशवी योग्य जागी आणून ठेवणं. एवढ्याने कचरा जात नाही. गाडीवाल्याने ती उचलावी लागते. पेशीत ते काम युबिक्विटिनचं. ते प्रोटीनवर एका जागी जोडलं गेलं की मगच ते नष्ट व्हायला जातं. पण त्याच जागेवर आधीच ॲसिटिल नावाचा दुसरा तुकडा चिकटलेला असला तर?"

"तर युबिक्विटिनला जागा नाही."

"लाल स्टिकर. गाडी पुढे निघून जाते. पिशवी आहे तिथेच. तू उपाशी ठेवलेल्या पेशीत स्टिकर लागतोय."

"पण मला ॲसिटिल दिसत नाही, बाई. मी ते ओळखणारी अँटिबॉडी लावून पाहिली."

"दिसणार कसं? पेशी फोडली तरी आतल्या एन्झाइमच्या कात्र्या चालूच असतात. त्या सगळ्या खुणा छाटून टाकतात. म्हणून द्रावणात त्यांना अडवणारी औषधं घालायची असतात. त्या कार्डावर कोणाला अडवणारं औषध आहे?"

मी फ्रिजजवळ जाऊन कार्ड वाचलं. रोज वाचत होतो, पण त्या दिवशी खरं वाचलं. फॉस्फेट कापणाऱ्यांना अडवणारी तीन औषधं होती. ॲसिटिल कापणाऱ्यांसाठी एकही नव्हतं.

"ज्याच्यावर विश्वास, त्यालाच संरक्षण," बाई म्हणाल्या. "बाकीचे नळीतच वाहून गेले. आणि मग वीस वर्षं म्हणायचं, शेजारी कोणी बसतच नाही."

"तुम्हाला हे कधीपासून माहीत आहे?"

भूकंपापासून, असं उत्तर आलं. भूकंपाच्या आदल्या दिवशी बाईंनी काही नमुने केले होते. अर्धे त्याच दिवशी वापरले, अर्धे फ्रीझरमध्ये ठेवले. मग वीज गेली ती कित्येक दिवस आलीच नाही. सगळ्या लॅबचे नमुने वितळले. सेन्सेईंनी सगळं फेकायला सांगितलं. बाईंनी फेकण्यापूर्वी आपले वितळलेले नमुने एकदा चालवून पाहिले. फॉस्फेट जसंच्या तसं होतं. शेजारच्या लॅबमधून मागून आणलेल्या अँटिबॉडीने ॲसिटिल पाहिलं, तर आदल्या दिवशीच्या ब्लॉटवर, म्हणजे प्रोटीनच्या ठशावर, अंधूक होतं आणि वितळलेल्यात अजिबात नव्हतं.

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं. सेन्सेई म्हणाले, वितळलेल्या नमुन्यावर विज्ञान होत नाही. तेही बरोबरच आहे." त्या पुढे म्हणाल्या, "आणि हे बघ, भूकंपाच्या दिवशी बर्फ पडत होता. आम्ही सगळे बाहेर उभे. त्यांनी आम्हाला तीन वेळा मोजलं आणि अंगातला कोट एका विद्यार्थिनीला दिला. तू नुसतं कार्ड लक्षात ठेवशील, म्हणून सांगते."

बाईंनी द्रावणात दोन औषधं वाढवली. पेशी बर्फावर फोडल्या, एवढ्या झपाट्याने की मला नळ्यांची नावं लिहायलाही वेळ पुरेना. दोन दिवसांनी फिल्म आली. उपाशी पेशींच्या रांगेत, जिथे सहा महिने कोरं होतं, तिथे जाड काळी पट्टी. पोटभर खाल्लेल्या पेशींत ती नव्हती, आणि तिथे प्रोटीन नष्ट झालं होतं. एक खूण बोलावते, दुसरी अडवते, आणि पेशी दोघींचं मिळून काय ते ठरवते. मी अक्षरशः उडी मारली. पत्र्याची जमीन हलली तशी पलीकडे बसलेले दोघे विद्यार्थी टेबलाखाली शिरले.

बाईंनी घड्याळ पाहिलं आणि पर्स उचलली.

सोमवारच्या मीटिंगला बाई नसायच्या. "तिथले दोन तास माझ्या अठ्ठावीसमधून जातात," असं त्यांचं म्हणणं. मी एकट्यानेच दाखवलं. सेन्सेईंनी दातांतून हवा आत ओढली. मग हळूच म्हणाले, "नारुहोदो." म्हणजे, अस्सं. मी पडद्यावर लिहिलं होतं, 'आम्हाला असं आढळलं.' या 'आम्ही'मध्ये कोण बसलं आहे हे मी बोललो नाही, आणि कोणी विचारलंही नाही.

तीन आठवड्यांत सोनेरी बटणाच्या शेजारी दुसरं सोनेरी बटण उगवलं. दोन महिन्यांनी एका पाहुण्यासमोर सेन्सेई म्हणाले की दुहेरी नियंत्रणाची शंका त्यांना फार पूर्वीपासून होती. मी मान डोलावली. मान फार मोलाची असते, विशेषतः मार्च जवळ आला की.

पेपर लिहून झाला. लेखकांची यादी सेन्सेईंनी दिली. चार नावं होती. बाईंचं आभारात होतं, 'तांत्रिक साहाय्याबद्दल.' मी त्यांच्या खोलीत गेलो. त्यांनी मला हिरवा चहा दिला. मी म्हणालो की बाईंचं नाव लेखकांत यायला हवं, कल्पनाच त्यांची आहे. सेन्सेईंनी मान तिरकी केली. "मुझुकाशी," ते म्हणाले. त्याचा अर्थ 'अवघड आहे.' जपानमध्ये चार महिने राहिलेल्या माणसालाही कळतं की त्याचा अर्थ 'नाही' असा होतो. असिस्टंटची नावं या लॅबमध्ये आभारात जातात, ही इथली पद्धत. मी चहा संपवला, कप किती सुंदर आहे असं काहीतरी म्हणालो आणि बाहेर आलो.

"मी प्रयत्न केला," मी बाईंना सांगितलं.

"किती वेळ?"

"दहा मिनिटं असेल."

"चहा दिला त्यांनी?"

"हो."

"मग तो प्रयत्न नव्हता. ती भेट होती." त्या ग्लोव्हज काढत होत्या. "पेपर ऑनलाइन पाठवायचा असतो ना? तो फॉर्म कोण भरतं?"

"मीच."

त्यांनी ग्लोव्हज डब्यात टाकले. मी फॉर्म भरला. चारच नावं टाइप केली.

नियतकालिकाकडून परीक्षकांची टिपणं आली तेव्हा डिसेंबर होता. त्यांना पेपर आवडला होता, पण मुख्य प्रयोग नव्या नमुन्यांवर पुन्हा करून हवा होता. मी केला. पट्टी आली नाही. दोघा विद्यार्थ्यांनी केला. नाही आली. औषधं तीच, द्रावण तेच. आमचे हात पेशी फोडायला जेवढा वेळ घेत होते, तेवढ्यात कात्र्या आपलं काम उरकून मोकळ्या होत होत्या. शेवटी सेन्सेई स्वतः बाईंच्या टेबलापाशी गेले आणि नीट झुकून म्हणाले, "कृपया."

मला वाटलं, आता तरी. मी बाईंना बाजूला गाठलं. "बाई, आत्ता नाव मागा. आत्ता ते नाही म्हणू शकत नाहीत."

"मी का मागू?" बाई माझ्यावर प्रथमच आवाज चढवून बोलल्या. "पहिला लेखक तू. प्रयोग कोणी केला हे तुला माहीत आहे. तीन वर्षं तुला 'शेजारी कोण बसलंय' शिकवतेय, आणि तुझ्या शेजारी कोण बसलंय ते मीच सांगायचं?"

प्रयोग त्यांनी केला. तीनदा केला, तिन्ही वेळा पट्टी आली. मी मात्र एकदाचा हललो. छापण्यापूर्वी लेखकांची यादी बदलायची तर एक वेगळा अर्ज लागतो, त्यावर सगळ्यांच्या सह्या लागतात. मी तो अर्ज तयार केला, बाईंचं नाव चौथं घातलं, बाईंची आणि इतर दोघांची सही घेतली. राहिला सेन्सेईंचा शिक्का; तिथे सहीऐवजी शिक्काच चालतो. फेब्रुवारी उजाडला होता. नदीपलीकडच्या संस्थेतल्या जागेची मुदत त्याच महिन्याच्या अखेरीला होती. तिथे विचारलं तर पेपर छापलेला नसला तरी चालेल, संपादकांच्या पत्रात नाव दिसलं की पुरे, असं कळलं. घाई दुसऱ्याही बाजूने होती. बाईंच्या यजमानांना नागोयात मोटारींच्या कारखान्यात काम मिळालं होतं. जागा मिळाली तर बाई सेंदाईत राहणार, ते शनिवार-रविवार येणार. नाही तर एप्रिलपासून दोघंही नागोयाला.

सेन्सेई त्या महिन्यात नव्या इमारतीच्या समितीत होते. पडद्यांचा रंग ठरत होता. मी अर्ज त्यांच्या टेबलावरच्या लाकडी ट्रेमध्ये ठेवला आणि वर एक चिठ्ठी लावली. चिठ्ठी कशी लिहायची हे सेक्रेटरीने मला पूर्वी शिकवलं होतं. मोठ्या माणसाच्या टेबलावर कागद ठेवताना जे लिहितात, तेच मी लिहिलं. कृपया सवड होईल तेव्हा पाहावे.

दार ठोठावून, मुदत सांगून, समोर उभं राहता आलं असतं. मी चिठ्ठी लावली. रोज जाता-येता काचेतून ट्रे पाहायचो. पिवळी चिठ्ठी तिथेच असायची, आणि मी पुढे जायचो.

शिक्का मिळाला तो मुदत उलटून नऊ दिवसांनी. लाल, गोल, अगदी सरळ. अर्ज परत देताना सेन्सेई म्हणाले, "त्यांचं काम उत्तम आहे. मी विचार केला, नाव योग्य आहे." मी मुदतीचं सांगितलं तेव्हा ते खरोखर दचकले. "मग तातडीचं आहे असं का नाही लिहिलंत?"

हे बाईंना मलाच सांगावं लागलं. त्या नळ्या धुत होत्या.

"चिठ्ठीवर काय लिहिलं होतंस?"

"सवड होईल तेव्हा."

"मग त्यांचं काय चुकलं? सवड झाली, पाहिलं." त्यांनी नळ बंद केला. हात पुसले, बराच वेळ पुसले. "जा तू. मला अजून चाळीस मिनिटं आहेत."

मार्चअखेर त्या नागोयाला गेल्या. निरोपाला स्टेशनवर त्यांनी कोणाला येऊ दिलं नाही.

पेपर मे महिन्यात स्वीकारला गेला. अभिनंदनाची मेल सगळ्या लेखकांना गेली आणि पाठोपाठ मला आणखी एक आली. चौथ्या पत्त्यावर संदेश पोचू शकला नाही, असा पत्ता अस्तित्वात नाही. नोकरी संपली तशी बाईंची लॅबची मेलही बंद झाली होती. छपाईआधीचे तपासायचे कागदही त्याच बंद पत्त्यावर गेले असणार. छापून आल्यावर मी पेपर त्यांना फोनवर पाठवला, लांबलचक मजकुरासह. पुष्कळ काही लिहिलं होतं मी. माफीसुद्धा.

दोन दिवसांनी उत्तर आलं. "तिसऱ्या आकृतीत उपाशी आणि जेवलेल्या पेशींची नावं उलटी लागली आहेत. कोणी लावली?"

मीच लावली होती. परीक्षकांच्या नजरेतून ती चूक निसटली होती, सेन्सेईंच्याही.

दुरुस्ती छापायची तर पुन्हा अर्ज, पुन्हा पाच सह्या. मी कागद सगळ्यांच्या आधी नागोयाला पाठवला. तो तिसऱ्या दिवशी पोस्टाने परत आला. बाईंची सही नीट, ठाशीव. तिच्यापुढे एक चौकट होती: सध्याची संस्था. तिच्यात बाईंनी पट्टीने एक आडवी रेघ मारली होती.

मी तो कागद घेऊन सेन्सेईंच्या खोलीत गेलो. ट्रेमध्ये ठेवला नाही, हातात दिला. त्यांनी सह्या वरपासून पाहत आणल्या आणि त्या रेघेशी थांबले.

"त्या कुठे काम करत नाहीत?"

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी या वेळी चहा सांगितला नाही. ड्रॉवर उघडून त्यांनी शिक्का काढला आणि मी उभा असतानाच कागदावर दाबला.